भासऱ्यांचा कॅमेरा आणि माझा पदर

माझ्या लग्नाला बावीस वर्षं झाली. या बावीस वर्षांत आमच्या घरात किती फोटो निघाले हे देवालाही सांगता येणार नाही, कारण माझ्या भासऱ्यांना, म्हणजे नवऱ्याच्या मोठ्या भावाला, फोटोचा नाद आहे. पोळ्याला बैलांचे, बारशाला बाळाचे, कपाशीला बोंडाचे, आणि काहीच नसलं तर कुंपणावरच्या सरड्याचे. एकट्या सरड्याचे सोळा आहेत, सगळे ओळीने, आणि सोळाही फोटोंत त्याचं तोंड स्पष्ट आहे.

माझं तोंड एकाही फोटोत नाही.

आमच्याकडे भासऱ्यांसमोर डोक्यावर पदर घेतात, त्यांच्याशी थेट बोलत नाहीत, त्यांना आपला धक्का लागू देत नाहीत. आता फोटो काढणारेच भासरे म्हटल्यावर कॅमेऱ्याकडे पाहायचं म्हणजे त्यांच्याकडेच पाहायचं. बाकी सगळे समोर बघून हसायचे आणि मी पदर नाकापर्यंत ओढून जमिनीवरच्या मुंग्या बघायची. जाऊबाई म्हणायच्या, "इतका कायले ओढतं व? डोक्यावर असला म्हणजे झालं." त्यांचं खरं होतं. रीत कपाळापर्यंतचीच होती, खालचं सगळं माझ्या लाजेचं होतं.

भासरे माणूस फार भला. त्यांना माझ्याशी बोलायचं असलं तर ते हवेशी बोलतात. ओसरीवर बसून छपराकडे बघत म्हणतात, "कोणी चहा ठेवत असन तर अर्धा कप इकडे येऊ द्या." मी आतून भांडं वाजवते. एकदा वाजवलं की हो, दोनदा वाजवलं की दूध नाही. बावीस वर्षांत आमच्यात एक शब्द झाला नाही आणि एक भांडणही नाही.

त्यांचा कॅमेरा तांदळाच्या डब्यात राहतो, ओल लागू नये म्हणून. डब्यातले तांदूळ मीच बदलते. रविवारी त्यांचे दोन मित्र येतात, वणीहून एक बँकेतले साहेब आणि पांढरकवड्याचे एक मास्तर, तेही असेच नादी. तिघं मिळून तलावावर पाखरं टिपायला जातात, नाहीतर राजूरकडे, कोळशाच्या ढिगामागे मावळणारा सूर्य धरायला. परत येतात ते चिखलाने भरून, आणि मग तासभर एकमेकांना सांगत बसतात की पाखरू बसलं होतं तेव्हा कसं होतं.

मागच्या कापूस वेचणीला भासऱ्यांनी धुऱ्यावरून, म्हणजे शेताच्या बांधावरून, एक फोटो काढला. मी पाठमोरी, कमरेला कापसाची ओटी, डोक्यावरून पदर. तो त्यांनी मोबाईलवर मित्रांच्या ग्रुपमध्ये टाकला. मास्तरांनी लिहिलं की चेहरा दिसत नाही हेच या फोटोचं सौंदर्य आहे. माझ्या लेकीने ते वाचलं आणि तरातरा ओसरीवर गेली.

"मोठेबाबा, ते सौंदर्य माही माय होय. अन् तिले तोंड हाये."

भासरे कॅमेरा पुसायला लागले.

या लेकीचा यंदा नागपूरला नर्सिंगला नंबर लागला. जायला आठ दिवस राहिले तेव्हा ती म्हणाली, तिथल्या खोलीत लावायला घरातल्या सगळ्यांचा एक फोटो दे. मी पेटीतला गठ्ठा काढून दिला. तिने पत्ते मांडावे तसे फोटो सतरंजीवर मांडले आणि एकेकावर बोट ठेवत गेली.

"इथं पदर. इथं पदर. इथं तू खांबामागं. अन् इथं नुसता हात."

"माहाच हाये तो," मी म्हटलं. "बांगड्या पाह्य."

"मंग तिथल्या पोरीयले काय सांगू? हा हात माही माय होय?"

मी हसले, पण मला आत कुठेतरी लागलं. माझ्या आईचाही एकच फोटो आहे आणि त्यात ती अर्धी दारामागे आहे. उरलेली अर्धी मी आठवून आठवून जोडते, पण दर वेळी वेगळीच जुळते. लेकीला असं काही जोडत बसायला लागू नये, एवढंच मला वाटलं. तोंडाने मात्र मी म्हटलं, "मोबाईलवर काढ न कुठंतरी एकटीचा." ती म्हणाली, एकटीचा नाही, सगळ्यांमधला पाहिजे, घरात तूही आहेस असा.

रात्रीच्या जेवणाला तिने जाहीर केलं की वणीहून फोटोवाला बोलवायचा, रीतसर पैसे देऊन.

भासऱ्यांचा घास हातात राहिला. "घरात कॅमेरा असताना भाड्याचा माणूस कायले?" ते ताटाला म्हणाले.

माझ्या नवऱ्याने वरणात पाहिलं. मोठ्या भावापुढे ते नेहमी वरणातच पाहतात. बोलल्या त्या जाऊबाई. "तुम्ही काढता म्हणून तर हिचा पदर खाली येते. अन् तुम्ही सोता कोणत्या फोटोत हा? एकाही नाही. ते फोटो पाहून कोणाले वाटन, या बाईले नवराच नाही."

आम्ही सगळे हसलो. मी आतून भांडं वाजवलं. पण खरंच की. बावीस वर्षांत या घरात दोनच माणसं फोटोत नव्हती. एक कॅमेऱ्याच्या मागे होतं आणि एक पदराच्या.

तीन दिवस भासऱ्यांनी छपराकडे चहाही मागितला नाही. चौथ्या दिवशी ओसरीवरून छपराला म्हणाले, "त्या फोटोवाल्याले इचारा म्हणा कोणी, लेन्स कोणती आणून राह्यला." तेव्हा आम्हाला कळलं की त्यांनी मान्य केलं.

फोटोवाला रविवारी सकाळी मोटारसायकलवर आला, पाठीवर मोठी पिशवी आणि हँडलला बांधलेली पांढरी छत्री. लग्नाचे फोटो काढण्यात त्याचा हात बसलेला होता. त्याने अंगणात तिपाई उभी केली, तर भासरे तिच्याभोवती बाजारात बैल बघावा तसे फिरले. दात पाहायचे तेवढे राहिले.

मी माहेरची हिरवी साडी नेसले होते. तिच्या निऱ्या इतक्या वेळा नीट करत होते की जाऊबाई म्हणाल्या, "तुहं लगन होय का आज?"

फोटोवाल्याने आम्हा पाचजणांना उंचीने पाहिलं. मी घरात जरा उंच, आणि भासरेही उंच. त्याने भासऱ्यांना मधे उभं केलं, मला बोटाने बोलावलं आणि म्हणाला, "वहिनी, तुम्ही भाऊच्या बाजूले या. थोडं जवळ. भाऊ, खांद्यावर हात ठेवा."

अंगणात कुत्रं शिरल्यावर कोंबड्या उडतात तसे आम्ही उडालो. भासरे एका उडीत गोठ्यापर्यंत गेले. मी तुळशीच्या मागे. जाऊबाई खाली बसून पोट धरून हसत होत्या. माझे नवरे पुढे झाले आणि फोटोवाल्याला अगदी हळू म्हणाले, "भाऊ, ते माही बायको होय."

तो बिचारा कानाच्या पाळीपर्यंत लाल झाला. "माफ करा, जोडी चांगली दिसली म्हणून," म्हणाला, आणि त्याने ते अजूनच बिघडवलं.

शेवटी लेकीने सूत्रं हातात घेतली. भासरे पार त्या टोकाला. त्यांच्याजवळ माझे नवरे, मग जाऊबाई, मग मी, आणि या टोकाला लेक. जाऊबाईंनी मला कानात समजावलं, "रांगेत कोणी कोणाले दिसते का? ते समोर पाह्यतीन, तू समोर पाह्य. तुले पाहून राह्यला तो फोटोवाला, अन् तो काही तुहा भासरा नाही." मला हे पटलं. इतक्या वर्षांत हे सुचलं कसं नाही, याचंच नवल वाटलं. मी पदर मागे घेतला, पार अंबाड्यापर्यंत. चेहऱ्याला वारा लागला.

"एक, दोन, तीन," फोटोवाला म्हणाला.

तीनला माझा हात आपोआप वर गेला आणि पदर खाली आला.

त्याने परत मोजलं. परत हात गेला. मी शपथेवर सांगते, मी नेत नव्हते. पाच फोटो काढले आणि पाचही फोटोंत माझ्या तोंडापुढे माझाच हात. मास्तरांना फार सुंदर वाटले असते.

"धरा हिले," जाऊबाई म्हणाल्या. एक हात त्यांनी धरला, दुसरा लेकीने. पकडून आणलेल्या चोरासारखी मी मधे उभी.

आता सगळं जमलं होतं, पण तिकडच्या टोकाला भासऱ्यांना चैन पडेना. इतकी वर्षं कॅमेऱ्यामागे काढलेला माणूस. समोर उभं राहिल्यावर हात कुठे ठेवायचे हेच त्यांना कळत नव्हतं. कधी खिशात, कधी मागे, कधी पुढे कोणाला काही वाढायचं असल्यासारखे. फोटोवाला दोनवर आला की ते रांग सोडून त्याच्याकडे जायचे. "भाऊ, छत्रीची सावली पडून राह्यली." "भाऊ, तोंडावर ऊन येऊन राह्यलं, थोडं डावीकडून घ्या." आणि तिथे गेले की वळून आमच्याकडे बघायचे, फोटो कसा दिसेल ते पाहायला. माझे दोन्ही हात धरलेले. पदर ओढायला हातच नाही. मग मी जाऊबाईंच्या खांद्यात तोंड खुपसायची, आणि त्यांना गुदगुल्या व्हायच्या.

तिसऱ्यांदा असं झालं तेव्हा फोटोवाला हात जोडून म्हणाला, "काका, आज तुम्ही फोटोत हा. फोटो मी काढतो."

भासरे जागेवर परत आले. मग त्यांनी खाकरून घसा साफ केला आणि समोरच्या कडुनिंबाला म्हणाले, "कोणी सांगा त्यायले, मी मान वळवत नाही आता. समोरच पाहून राह्यलो. कॅमेऱ्याची शपथ."

तांदळाच्या डब्यात निजणाऱ्या त्या कॅमेऱ्याची शपथ. मला तो डबा दिसला, त्यातले मीच पाखडून घातलेले तांदूळ दिसले, आणि इतका वेळ दाबून धरलेलं हसू सुटलं. दोन्ही हात धरलेले असताना हसू लपवताही येत नाही. ते तोंडावर येतं आणि तिथेच राहतं.

"झालं," फोटोवाला म्हणाला.

दोन दिवसांनी मोठा फोटो आला, काच लावलेला. लेकीने तो ओसरीच्या खाटेवर ठेवला आणि मी दारामागून पाहिला. जाऊबाईंचे डोळे मिटलेले. माझे नवरे सवयीने खाली बघत होते, वरण नसतानाही. भासरे बुजगावण्यासारखे ताठ, मान अशी सरळ की दोरी लावून मापावी. आणि जाऊबाई नि लेकीच्या मधे एक बाई दात दाखवून हसत होती. तिचा डावीकडचा दात थोडा पुढे होता, लेकीचा आहे तसाच. हे मला माहीत नव्हतं. आरशासमोर मी कधी हसले नाही.

भासरे शेतातून आले. पाय धुऊन त्यांनी फोटो हातात घेतला, उन्हाकडे तिरपा धरला, जवळ नेला, लांब नेला.

"हे कोण बाई होय, मधात?" त्यांनी विचारलं.

जाऊबाईंनी माझ्याकडे पाहिलं आणि अगदी गंभीर तोंड करून म्हणाल्या, "बावीस वर्षांची पाहुणी होय. तिच्या हातचं जेवता तुम्ही."

ते बराच वेळ फोटोकडे पाहत राहिले. लेक खुदुखुदु हसत होती. मग ते छपराला म्हणाले, "लाईट चांगला घेतला पोरानं." दुसऱ्याच्या फोटोबद्दल असं बोलताना मी त्यांना पहिल्यांदाच ऐकलं. मी भांडं वाजवलं, एकदाच.

लेक निघाली त्या दिवशी बॅगा अंगणात आणल्या होत्या, एसटीला थोडा वेळ होता. भासरे कॅमेरा घेऊन बाहेर आले. माझा हात वर गेला आणि पदर खाली आला, सवयीने. त्यांनी ते पाहिलं असावं. पण ते आमच्यासमोर उभे राहिलेच नाहीत. आमच्याकडे पाठ करून त्यांनी कॅमेरा बैलबंडीवर ठेवला, खाली दोन विटा लावल्या, आणि बंडीला म्हणाले, "यात दहा सेकंदांची सोय असते. आपोआप निघते फोटो. मागं कोणी लागत नाही."

"हे कधीपासून हाये, मोठेबाबा?" लेकीने विचारलं.

"घेतला तेव्हापासून."

"मंग इतकी वर्षं?"

"मले काय मालूम, कामी पडन म्हणून," ते म्हणाले, आणि बटण दाबलं.

कॅमेऱ्यावर लाल दिवा लुकलुकायला लागला. साठीचा माणूस, डोळे जमिनीकडे लावून, आमच्या लांबून वळसा घालून त्या टोकाकडे पळत सुटला. चप्पल एक निघाली. "चार सेकंद राह्यले," ते पळता पळता ओरडले. जाऊबाई हसायला लागल्या, माझे नवरेही मान वर करून हसले. मी पदर मागे सारला. बंडीपाशी पाहायला कोणीच नव्हतं, नुसता दिवा लुकलुकत होता.

तो फोटोही लेकीच्या खोलीत आहे. त्यात भासरे म्हणजे एक पांढरा धुरकट पट्टा आणि एक चप्पल. बाकी आम्ही चौघं स्पष्ट आहोत. माझे दोन्ही हात खाली आहेत, आणि ते कोणी धरलेले नाहीत.