चार बोटे उंच

मनोहरराव काटोले गाडी सुरू करत आणि जागेवरून हलत नसत. धरमपेठेतल्या त्यांच्या फाटकाशी दर रविवारी सकाळी दोन-चार माणसे जमत. शहरातली सर्वांत वेगवान गाडी धडधडत उभी आणि मालक आत मांडीवर हात ठेवून बसलेला. समोरचे वकील विचारत, "काहून गा मनोहर, धक्का देऊ का?"

"तेल तापून राहिलं," मनोहरराव सांगत. "तिले घाई चालत नाही."

गाडी इटालियन होती. सत्तरच्या दशकात वीज प्रकल्पाच्या कामावर आलेल्या एका इटालियन इंजिनिअरने परत जाताना ती विकली. मनोहररावांची लाकडाची वखार होती. त्यांनी गाडी घेतली. उंची माणसाच्या कमरेहून थोडी जास्त, नाक लांब, शेपूट आखूड. अॅल्युमिनियमचा पत्रा हाताने ठोकून घडवलेला. त्यावर सरळ रेषा शोधून सापडत नसे. मनोहरराव पाहुण्याला तिच्यावरून हात फिरवायला लावत आणि विचारत, "सांगा, हात कुठं थांबावं वाटते?"

इंजिन बारा सिलिंडरचे होते. गावातल्या संथ गतीत त्याच्या प्लगांवर काजळी धरे आणि ते अडखळू लागे. म्हणून रविवारी कामठी रोडला जायचे आणि रस्ता रिकामा दिसला की तिला सोडायचे. "गळा मोकळा करून आणतो," असे ते म्हणत. वेग वाढतो तशी ती रस्त्याला अधिक चिकटते, हे त्यांनी घरी पत्नीला पुष्कळदा सांगितले होते. सुमनताई ऐकून घेत. त्या कधी बरोबर गेल्या नव्हत्या.

त्यांना संधिवात होता. एकदा आग्रहाखातर त्या बसल्या, तर बाहेर काढायला वकिलांच्या पत्नीला हाक मारावी लागली. फाटकाशी सगळे हसले, सुमनताईही हसल्या. "तुमच्या गाडीत बसाले नाही, निजाले लागते," म्हणाल्या आणि घरात गेल्या.

त्या आठवड्यात मनोहरराव गाडी घेऊन कामठीच्या एका वर्कशॉपमध्ये गेले. तिथे चारी स्प्रिंगांपाशी लोखंडी ठोकळे बसवले आणि गाडी चार बोटे उंच झाली. ती टाचा उचलून उभी असल्यासारखी दिसे. सुमनताईंना मात्र आधार धरून बसता-उठता येऊ लागले. जरा वेग घेतला की नाकाखाली हवा शिरे, स्टिअरिंग हलके पडे, गाडी डोलू लागे. मनोहररावांनी वेग सोडून दिला. दोघे थर्मास घेऊन कामठीपर्यंत जात, रस्त्याकडेला चहा पीत आणि ट्रकांच्या मागून सावकाश परत येत. सोमवारी मनोहरराव बारा प्लग काढून घासत बसत.

सुमनताई गेल्यावरही रविवार चुकला नाही. ठोकळे होते तसेच राहिले आणि ते एकटे सावकाश जाऊन येत. फाटकाशी जमणे लोकांनी बंद केले. थट्टा कोणत्या शब्दांत करावी, हे वकिलांना कळेना. मी शेजारी राहत होतो. गाडी परतल्यावर त्या घरातून रेडिओखेरीज आवाज येत नसे.

पुढे मुलीने त्यांना पुण्याला बोलावले. तिच्या फ्लॅटला गॅरेज नव्हते. जुन्या गाड्या जमवणारा मुंबईचा एक गृहस्थ पाहायला आला. तो वाकून गाडीखाली शिरला, बाहेर आला आणि कोणी ही अवस्था केली, असे त्याने विचारले. नेल्यावर आधी हे ठोकळे फेकणार, असेही म्हणाला. गाडी द्यायची तर ठोकळे जाणार. न द्यायची तर बंद घरात ती गंजणार. दोन दिवस मनोहरराव ओट्यावर बसून होते. तिसऱ्या दिवशी कामठीला जाऊन त्यांनी ठोकळे स्वतःच काढून घेतले.

रविवारी सकाळी त्यांनी मला बोलावले. "बसा. एकट्यानं नेववत नाही."

कामठी रोडवर पुढे कोणी नव्हते. त्यांनी गिअर खाली घेतला आणि पाय दाबला. पाठ सीटमध्ये रुतली. इंजिनचा आवाज चढत गेला आणि एका टप्प्यावर एकसंध झाला. गाडी खाली बसली. कडेची झाडे वेगळी दिसेनाशी झाली. स्टिअरिंगवरचे त्यांचे हात स्थिर होते. त्यांनी सांगितलेले सगळे खरे होते.

मग त्यांनी पाय काढून घेतला.

"ही अशी चालते," ते म्हणाले, "हे तिनं पाह्यलंच नाही."

गाडी वळवली. परतीला रस्ता मोकळाच होता, तरी त्यांनी वेग घेतला नाही. मागून आलेल्या एका ट्रकने हॉर्न दिला. मनोहरराव कडेला सरकले आणि त्याला पुढे जाऊ दिले.