पिंपळाच्या कुंडीतली काळी माती

आधी सिस्टरांचं सांगतो, मग झाडाचं. सरकारी दवाखान्यातून निवृत्त झालेल्या या बाईंना अख्खं वाशीम अजून सिस्टरच म्हणतं. त्यांनी त्या दिवशी कात्री मला चालवू दिली नसती, तर मी आज या नर्सरीत नसतो. सातवीत शाळा सोडलेल्या माणसाच्या हातात आपली सगळ्यात जपलेली वस्तू कुणी देत नाही. त्यांनी दिली.

मी कोकणातला. आंब्याच्या कलमांच्या ट्रकबरोबर इथे आलो. कलमं खपली, ट्रक परत गेला, मी राहिलो. नर्सरीतच झोपायची खोली आहे. म्हणजे काम गेलं की छप्परही गेलं, हे डोक्यात सारखं असतं.

वैशाखात, बुद्धपौर्णिमेनंतर सिस्टर ऑटोतून आल्या. मांडीवर कुंडी, कुंडीत दीड वीत उंचीचा पिंपळ. वीस वर्षांपूर्वी त्यांच्या मिस्टरांनी दवाखान्याच्या क्वार्टरच्या भिंतीतून उपटून कुंडीत लावलेला, आणि छाटून छाटून बुटका ठेवलेला बोन्साय. मिस्टर गेल्या वर्षी वारले. आता झाडाची पानं पिवळी पडून माना टाकून लोंबत होती.

नर्सरीच्या मालकांनी लांबूनच बघितलं. "उन्हानं झालं ते. पाणी वाढवा, खत देतो."

मी मातीत बोट घातलं. वर ऊन पेटलेलं, आणि आत माती गार, चिकट. कुंडी उचलली तर दगडासारखी जड. खालच्या भोकाला नाक लावलं, तुंबलेल्या मोरीचा वास आला.

"माती कुठली?" मी विचारलं.

सिस्टर म्हणाल्या, "रिठदची. आमच्या वावरातली. मिस्टर गेल्यावर मीच भरली." सासऱ्यांनी मजुरी करून घेतलेलं ते वावर. पौर्णिमेला घरी आलेल्या प्रत्येकानं वंदना करून त्या पिंपळाला लोटाभर पाणीही घातलं होतं. कुणाला नाही म्हणणार?

मी म्हणालो, "पाणी कमी नाही, जास्त झालंय. मुळं कुजलीत. झाड आजच बाहेर काढायला हवं."

मालक हसले. "अबे कोकण्या, ऐन उन्हाळ्यात मुळं उघडी करते काय कोणी? पिंपळ हाय तो. भितीत उगते, त्याले काय होते?"

"भिंतीत उगतो म्हणूनच. भिंतीत पाणी थांबत नाही."

"आले सातवीवाले डागदर. झाड मेलं तं तू आन् तुही पिशवी, दोघं स्टँडवर."

"चालेल," मी म्हणालो. शब्द मागे घेतला नाही. आमच्याकडे जांभ्या दगडाच्या मातीत पाऊस पडतो आणि निथळून जातो. इथली काळी माती पाणी धरून ठेवते. कपाशीला, तुरीला ते वरदान. चार बोटं खोल कुंडीत मात्र तीच माती मुळांचा श्वास कोंडते. हे मला कुठल्या पुस्तकानं सांगितलेलं नव्हतं, आणि त्यामुळे ते खोटं ठरत नव्हतं.

सिस्टर कुंडीवर वाकल्या. बराच वेळ वास घेतला. "तीस वर्षं जखमा धुतल्या मी. सडल्याचा वास हाय हा. मलेच कळाले पायजे होतं." मग मालकांकडे न बघता मला म्हणाल्या, "बाबू, कात्री उकळून आण. तू काप. मी झाड धरते."

मातीचा गोळा विटेसारखा अख्खा निघाला. मुळं काळी, बुळबुळीत. चिमटीत धरून ओढली की साल हातात यायची आणि आत नुसता दोरा उरायचा. पांढरं, कडक मूळ लागेपर्यंत मी कापत गेलो. अर्ध्याहून जास्त गेलं. सिस्टरांनी कापलेल्या तोंडांना हळद लावली. मुळं कमी झाली तशा मी दोन फांद्याही कमी केल्या. विटेचा चुरा, जाड वाळू आणि मूठभर पालाखत भरलं, झाड हलू नये म्हणून तारेनं बांधलं, आणि कुंडी हिरव्या जाळीखाली ठेवली.

काळ्या मातीचा ढीग बाजूला पडला होता. सिस्टर त्याच्याकडे बघत राहिल्या.

मी म्हणालो, "मातीचा दोष नाही. ती वावराची आहे, कुंडीची नाही."

त्यांनी ती पदरात बांधून नेली, अंगणातल्या पेरूला घातली.

आठ दिवसांत उरलेली सगळी पानं गळली. मालक रोज सकाळी म्हणायचे, "कोकण्या, गाडी लागली बरं स्टँडवर." एकदा ते पाण्याची झारी घेऊन जाळीखाली शिरताना दिसले. मी आडवा उभा राहिलो. "या कुंडीला हात लावायचा नाही." ज्याचं मीठ खातो त्याला असं बोललो. त्यांनी झारी खाली ठेवली आणि निघून गेले. 

रोज सकाळी खोडाची साल नखानं तिळाएवढी खरवडायचो. खाली हिरवं दिसलं की आजचा दिवस मिळाला. चुऱ्यात काडी खुपसायचो. काडी कोरडी निघाली तरच पाणी, ओली निघाली तर नाही. खत तर नाहीच. आजारी पोटाला कुणी पुरणपोळी वाढत नाही.

चौथ्या आठवड्यात खोडावर तांब्याच्या रंगाची एक टोकदार कळी आली. मग आणखी दोन. सिस्टरांना निरोप पाठवला. त्या आल्या, चष्मा पुसून परत घातला, आणि म्हणाल्या, "पेशंटले आता जनरल वार्डात हलवा."

मालकही हसले. तेव्हापासून कुणी सुकलेली कुंडी आणली की तेच म्हणतात, "आमच्या कोकण्याले दाखवा." शिक्षण विचारणारे अजून विचारतात. मी सातवी म्हणतो, आणि बोट मातीत घालतो.

त्या दिवशी छाटलेली एक फांदी मी टाकली नव्हती. विटेच्या चुऱ्यात खोचली होती, तिला मुळं फुटली आहेत. सिस्टरांना अजून सांगितलेलं नाही. तिचं खोड अंगठ्याएवढं होईल, त्या दिवशी ती कुंडी मी माझ्या हातांनी त्यांच्या दारात नेऊन ठेवीन. त्याला काही वर्षं लागतील. तोवर मी इथून हलत नाही, कुणी कितीही वेळा स्टँड दाखवो.