भिंतीत पुरलेली वायर

तो सासऱ्याच्या घरात राहणारा वायरमन. वायर ओढायला सासऱ्यानंच शिकवलं, मग मुलगीही दिली. त्यामुळे छप्पर सासऱ्याचं, पक्कड सासऱ्याची आणि शेवटचा शब्दही सासऱ्याचाच. घराघरात उजेड पाडणारा हा गडी स्वतःच्या घरात मात्र तोंड मिटून असे.

सासऱ्याला दमा. उकाड्यात श्वास घशाशी अडकायचा, म्हणून बायकोनं एसी आणला. एसी खोलीत आला नि जावयानं आधी भिंतीकडे पाहिलं. भिंतीत पुरलेली वायर सासऱ्याच्या हातची, दीड एमएमची, दिव्यापंख्यापुरती. एसीला हवी चार एमएमची तांब्याची, थेट मीटरपासून वेगळी. जुन्या पाइपात ती शिरणार नाही. भिंतच फोडावी लागणार.

"मामा, नवी लाइन ओढतो," तो चाचरत म्हणाला.

"का? माझ्या वायरीला काय धाड भरलीय?" खाटेवरचा सासरा धापा टाकत म्हणाला. "ज्याच्याकडून शिकलात, त्यालाच शिकवता होय, जावईबापू?"

"अहो, जोडून टाका ना," बायको कळवळली. "बाबांचा जीव कासावीस होतोय."

त्यानं जोडलं. गार वारा सुटला, म्हाताऱ्याचा श्वास संथ झाला, बायको हसऱ्या चेहऱ्यानं स्वयंपाकघरात गेली. तो मात्र खाटेशेजारच्या बोर्डावर तळहात ठेवून उभा राहिला, तापलेल्या लेकराच्या कपाळावर ठेवावा तसा. बोलावं तर सासऱ्याचा अपमान, गप्प राहावं तर जिवाला घोर. बोर्ड कोमट झाला, मग चटका बसू लागला. जळक्या प्लॅस्टिकचा वास येताच त्यानं धावत जाऊन मेन स्विच पाडला.

परत आला तर एसी थांबल्यानं सासरा जागा झालेला. जावयानं त्याचा हात धरून बोर्डावर टेकवला. तो हात बराच वेळ तिथून हलला नाही.

"पोरीला लाइट गेली म्हणून सांगा," सासरा पुटपुटला. "उद्या ती मला तपासणीला दवाखान्यात नेईल, तेव्हा फोडा भिंत."

बायको पदरानं वारा घेत दारात आली. "शेजारचा टीव्ही तर चालू आहे की!"

"आपलीच गेलीय," जावई म्हणाला.

"मग बघताय काय? वायरमन ना तुम्ही?"

ती पुठ्ठ्यानं बापाला वारा घालू लागली. तो स्टूल घेऊन मीटरखाली गेला, धडधाकट फ्यूज काढून उगाच फुंकू लागला. किती वेळ बिघाड शोधला म्हणजे तिला खरं वाटेल, एवढंच आतली धाप ऐकत तो मनाशी जोखत राहिला.