निळी पडलेली धार

पोलाद माणसाला नम्र करते, असे मी शाळेतल्या माझ्या निवृत्तीच्या समारंभात म्हणालो. टाळ्या पडल्या. तोवर मी पोलादाला हात लावलेला नव्हता.

त्यानंतर मात्र खरोखरच शिकायला गेलो. कराडजवळच्या एका गावात एक लोहार आहेत. माझ्यापेक्षा दोन वर्षांनी लहान, पण सारे गाव त्यांना मामा म्हणते, म्हणून मीही म्हणतो. पहिले वर्षभर मी कोयत्यांना मुठी बसवल्या. दुसऱ्या वर्षी घण हातात आला. मामी माझ्यापेक्षा नेमका घण मारतात, हे त्या अधूनमधून सांगत.

तिसऱ्या वर्षी मामांच्या डोळ्याचे ऑपरेशन झाले. मिरजेचे एक तंबोरे करणारे कारागीर लाकूड कोरायची छोटी वाकडी सुरी फक्त मामांकडून घेतात. या वेळची सुरी मी घडवली. मामांनी ती चाचपून पाहिली, तिच्यावर आपली खूण, तीन ठिपके, ठोकली आणि तिला स्वतः पाणी दिले.

"आता धार दगडावर, हातानं. मशीन लावायचं न्हाई, सर."

"व्हय," मी म्हणालो.

दगडावर दोन दिवस जातात. साताऱ्यात घरी माझे मशीन होते, आणि पाते आरशासारखे दिसावे अशी माझी इच्छा होती. मशीनवर धार क्षणभर निळी पडली. म्हणजे पाते तापले, पोलादाचे पाणी उतरले, धार मऊ झाली. याविषयी मी तीन पुस्तके वाचली होती. बारीक पॉलिशपेपरने मी तो निळा रंग पुसला.

मिरजेत कारागिरांनी चकाकीकडे पाहिलेही नाही. सुरी लाकडावरून दोनदा ओढली. धार वळली. त्यांनी अंगठा फिरवला आणि हळूच विचारले, "मामांची तब्येत बरी आहे ना?"

"बरी आहे."

"डोळ्याचं कानावर आलं होतं. वयच झालं. आता दुसरीकडं बघायला हवं."

मी सुरी गुंडाळली आणि स्टँडवर आलो. साताऱ्याची गाडी लागली, भरली, सुटली. मी बाकावरच होतो. मग परत गेलो आणि सांगितले, की सुरी माझी आहे, मामांची चूक नाही.

"मग ठिपके कसे?" त्यांनी विचारले.

दुसऱ्या दिवशी मामांनी धारेवर कानस फिरवली. कानस घसरायला हवी होती; ती रुतली.

"निळी झालती?"

"व्हय."

"आन पुसलीसा?"

मी मान डोलावली. मामी मागून म्हणाल्या, "आवं सर, पोरं कॉपी करायची तवा तुमी काय करत हुता?"

मामा हसले नाहीत. पात्याच्या मुठीकडच्या भागावर कानस घालून त्यांनी तिन्ही ठिपके घासून काढले. वेळ लागला. मी समोर उभा होतो. मग काळा चष्मा लावून त्यांनी नवी सुरी घडवायला घेतली. घण मामींनी मारला, मी भाता चालवला. धार दगडावर त्यांनी स्वतः काढली. तिसऱ्या दिवशी ती पोचवायला मला पाठवले. का, ते विचारायचे धाडस झाले नाही.

कारागिरांनी ती लाकडावरून एकदाच ओढली आणि आपल्या हत्यारांच्या ओळीत ठेवली. "मामांना सांगा, पुढच्या खेपेला अशाच दोन."

माझी सुरी मामींनी दुधाच्या पिशव्या फोडायला ठेवून घेतली. महिन्याभराने त्यांनी कात्री आणली.