दुप्पट वेग

हळद म्हटली की कोपरपासून शीळफाट्यापर्यंत गोमाजी मास्तरांची बेंजो पार्टी हवीच. दिवसा खाडीत जाळं टाकणारा हा माणूस संध्याकाळी लग्नघरी आला, की आधी घरच्या देवांपुढे एकटाच बेंजो वाजवायचा. बाकीच्यांनी गप्प उभं राहायचं. पहिला मान मास्तरांचा, ही आमच्या पार्टीची रीत. मला इलेक्ट्रिक गिटार त्यांनीच शिकवली. ते बेंजोवर चाल वाजवायचे, मी तारांवर शोधायचो. बोटं माझी मंद, म्हणून पार्टीत मी मागे नुसती साथ धरायचो.

अठ्ठ्याण्णव साली मी घरी कॉम्प्युटर घेतला. गिटारची वायर त्याला जोडून मास्तरांची हळदीची चाल रेकॉर्ड करायचो, ऐकायचो, पुसायचो. सराव म्हणून, खरंच. एका रविवारी त्या प्रोग्रॅममध्ये वेग दुप्पट करायची सोय सापडली. तिने सूरही वर चढायचे, म्हणून मी चाल खालच्या सप्तकात, निम्म्या वेगाने वाजवली आणि बटण दाबलं. मास्तरांनाही मागे टाकेल अशी गिटार स्पीकरमधून वाजू लागली.

ती कॅसेटवर उतरवली, गंमत म्हणून, असं मी स्वतःला सांगितलं. साफ खोटं. आमच्या ड्रमवाल्या रतनला ऐकवताना माझी छाती फुगली होती. तो कॅसेट घेऊन थेट मास्तरांकडे निघाला आणि मी त्याला अडवलं नाही.

महिन्याभराने मास्तरांची बायको, सगुणाकाकू, बाजारात भेटली. "जालं टाकून खारीवरशी आला का तुजी कॅसेट लावून बेंजो वाजवत बसतंय. बोटं सुजली, पन ऐकत नाय. तुज्या जोडीला याचाय म्हनतंय." मी मान डोलावून पिशवी उचलली. लाज वाटत होती, पण पितळ उघडं पडायची भीती त्याहून मोठी होती.

मग एक दिवस मास्तर बेंजो काखेत मारून घरीच आले. "मारुती, त्या मशीनीनं तुजी बोटं सुटली रं. एकदा ती चाल हलू वाजव. मना बोटं बगायची हान."

सांगून टाकायची तीच वेळ होती. मी गिटार उचलली. मी चाल हळू वाजवली, रेकॉर्ड केली होती तेवढीच हळू. त्याहून जलद मला येतच नव्हती. मास्तर वाकून एकेक बोट बघत होते. मग त्यांनी तीच चाल सावकाश बेंजोवर वाजवली. सूर न् सूर जुळला.

"चाल तीच हाय," ते म्हणाले. "कुठं चुकत नाय मी. मंग माजा वयच झाला."

त्यांनी बेंजो माझ्या पलंगावर ठेवला. "भिवाजीच्या हलदीला पयला मान तुजा. ह्यो पन तुजाच." जाताना माझ्या पाठीवर सुजलेला हात ठेवला.

भिवाजीकडच्या हळदीला मी तापाचं निमित्त काढून घरी बसलो. नंतर रतनने सांगितलं, देवांपुढे सगळे माझी वाट बघत गप्प उभे होते. मास्तरही उभे होते, मोकळ्या हातांनी.