मासळीबाजारातल्या उठाबशा

वडील गेले तेव्हा मी अकरावीत होते. होडी त्याच्या कितीतरी आधीपासून काठावर पालथी पडलेली. खाडीत कारखान्यांचं पाणी यायला लागलं तशी बोय, कोलंबी सगळं कमी झालं, आणि जे मिळायचं त्याला रॉकेलचा वास यायचा. गिऱ्हाईक मासा नाकाशी नेऊन परत टोपलीत टाकायचं. मग आई मुंबईच्या धक्क्यावरून मासळी आणून गावच्या बाजारात विकायला लागली. न खपलेल्या मासळीचं कालवण घरात रोज असायचं, तांदूळ मात्र नसायचा. लोकांना हे खरं वाटत नाही. मासे आहेत आणि भात नाही, असे दिवस आम्ही काढलेत.

भाऊ माझ्याहून मोठा. त्याने दहावीनंतर शाळा सोडली म्हणून मला सोडावी लागली नाही. ओहोटीला तो अनवाणी गाळात उतरायचा, बिळात हात घालून निवट्या आणि चिंबोऱ्या काढायचा. गाळात चालायची पद्धत असते. बोटं रोवायची आणि पाय उपसताना टाचेने हिसका द्यायचा, नाहीतर गुडघ्यापर्यंत रुतलात. मला ते कधी जमलं नाही. मी शीळफाट्यावरून बस पकडून ठाण्याच्या कॉलेजात जायचे. बी.कॉम. झाले, आमच्या घरात पहिली आणि आमच्या आळीतही पहिली. सांगताना मला लाज वाटत नाही. ठाण्यातच एका ऑफिसात अकाउंट्सला लागले.

भाऊ गांजा ओढायचा. हे मीच आधी सांगते, दुसऱ्या कुणी सांगायला नको.

त्या वर्षी सरकारची नशेविरुद्धची मोहीम जोरात होती. फाट्यावर मोठाले बोर्ड लागले. पकडलेल्या पोरांना पोलीस दोरीने बांधून त्यांच्याच वस्तीतून फिरवायचे, चौकात उठाबशा काढायला लावायचे. धिंड. दुसऱ्या वस्त्यांमधल्या धिंडी मी फोनवर बघितल्या होत्या. कमेंट केली नव्हती, पण पूर्ण बघितल्या होत्या.

आमच्या गावात धिंड आली तेव्हा मी ऑफिसात होते. गावच्या ग्रुपवर व्हिडिओ पडला, मी सहज उघडला. भाऊ. कमरेला दोरी, अनवाणी, दोन्ही हातांनी कान धरलेले. बाजाराच्या तोंडाशी त्याला थांबवलं. पोलीस साहेबाने छडीने खूण केली आणि तो उठाबशा काढायला लागला. मागे माझी आई तिच्या पाटावर बसलेली होती. सुरमईचे तुकडे करत होती. तिचा हात थांबला नाही. मी फोन पालथा ठेवला आणि हातातलं बिल पूर्ण केलं. बेरीज बरोबर आली होती, नंतर तपासली.

घरी गेल्यावर आईला विचारलं, "तू उठली का नाहीस?"

"गिऱ्हाईक उभं होतं," आई म्हणाली.

पुढे आम्ही त्यावर बोललो नाही.

व्हिडिओ मात्र बोलत राहिला. ज्याच्या त्याच्या स्टेटसला तोच. गावदेवीची पालखी तोंडावर आलेली, गावोगावचे पाहुणे येणार, त्यांच्या फोनवर आपल्या गावाचा तमाशा नको म्हणून गावकीची सभा देवळापुढे बसली. सभेत बाई बोलत नाही. मी उभी राहिले.

एक काका म्हणाले, "बोल गो बाय, तू शिकलेली. आमच्यात तूच एक ऑफिसर."

"ज्याच्याकडे असेल त्याने आत्ता, देवीसमोर, डिलीट करावा," मी म्हटलं. "उद्या दुसऱ्या कुणाच्या पोराचा निघेल."

आणि सगळ्यांनी केला. खरंच केला. पोरांनी फोन वर धरून दाखवले. म्हाताऱ्यांना नातवंडांनी करून दिला. देवीसमोर म्हटल्यावर आमच्या गावात कोणी खोटं करत नाही. घरी येताना मला वाटलं, शिक्षणाचा काहीतरी उपयोग झाला.

तोवर भाऊ कोठडीतून जेलमध्ये गेला होता. मुलाखतीला काचेपलीकडे तो भिंत धरत धरत आला. फोन उचलून म्हणाला, "टाच गेली."

"कशी?"

"धिंडीवरून परत नेल्यावर." तो म्हणाला, "तळव्यावर मारतात. बाहेरून दिसत नाही ना."

"कोर्टात का नाही सांगितलंस? पहिल्या दिवशी विचारतात ना, पोलिसांविरुद्ध तक्रार आहे का म्हणून?"

"विचारलं. दोन्ही बाजूला तेच उभे होते."

पोलिसांच्या कागदावर वेगळंच होतं. धिंडीच्या दिवशीच, पण संध्याकाळी, खाडीच्या बांधावर छापा घातला, हा पळाला, बांधावरून उडी मारली, टाच मोडली, उडी मारताना हातातल्या नशेच्या पावडरच्या पुड्या खाली पडल्या. गांजाचा त्यात उल्लेखही नव्हता. खरं म्हणजे त्याला त्या दिवशी सकाळीच, धिंडीच्या आधी, नाक्यावरच्या चहाच्या टपरीवरून उचललं होतं आणि खिशात चिमूटभर गांजा होता. धिंडीबद्दल कागदावर एक ओळ नव्हती.

आम्हाला कोर्टातून फुकट वकील मिळालेल्या. मध्यम वयाच्या बाई, सतत खोकला. सगळं ऐकून त्या म्हणाल्या, "पावडरचं प्रकरण आहे, जामीन सहज देत नाहीत. पण धिंड सकाळी निघाली ना? आणि तो उठाबशा काढत होता? मग संध्याकाळची उडी कसली? सकाळी तो त्यांच्याच ताब्यात होता आणि टाच धड होती, नाहीतर उठाबशा निघतात का? आणि उडी खोटी तर पुड्या कुठून आल्या? व्हिडिओ असेलच कुणाकडे. हल्ली काय, सगळेच काढतात."

मी समोरच्या कागदांकडे बघत राहिले. वकीलबाईंना वाटलं मला समजलं नाही, म्हणून त्यांनी परत सांगितलं.

मी गावात घरोघर गेले. ज्यांना डिलीट करायला लावलं त्यांनाच विचारत. माझ्याच फोनवरचा मी सगळ्यात आधी पुसला होता.

"देवीसमोर पुसला ना गो," सगळे म्हणायचे. काहींनी खरंच शोधून पाहिला, फोन उलटेपालटे करून. कुठेच नव्हता. बाजारासमोरच्या मेडिकलवाल्याच्या कॅमेऱ्यात इतक्या दिवसांचं राहत नाही. एक काकू तर रागावली, "मी शपथ मोडीन असं वाटलंच कसं तुला?"

मग चुलत बहीण म्हणाली, "कोपऱ्यावरचीला विचारलंस का? ती सभेला नव्हती."

कोपऱ्यावरची म्हणजे बाजारात रस्त्याच्या कोपऱ्यावर बसणारी. ती जागा माझ्या आजीची. आजीनंतर आई तिथे बसायची. वडील गेल्यावर आई बरेच महिने बाजारात गेली नाही, आणि परत गेली तर कोपऱ्यावर ही बसलेली. रस्त्यावरचं गिऱ्हाईक आधी कोपऱ्यावर थांबतं. तेव्हापासून दोघी एकमेकींशी बोलत नव्हत्या, एकमेकींबद्दल मात्र भरपूर. आई आत, गटाराच्या बाजूला बसायची आणि येणाऱ्याला ऐकू जाईल असं म्हणायची, "कोपरा माझा हाय, बरं का. मासळी तीच, जागा चोरलेली."

मी तिच्याकडे गेले तेव्हा ती बोंबील ओळीने लावत होती. वर बघितलंच नाही.

"मावशी, तुमच्याकडे तो व्हिडिओ आहे?"

"हाय."

"सभेत ठरलं होतं..."

"सभेला मना कोणी बोलावलं? मी काय गावात नाय?" तिने एक बोंबील उचलून सरळ केला. "का, पुसायला आलीस?"

"नाही. हवाय."

आता तिने वर बघितलं. मी का हवा ते सांगितलं.

"कॉलेजवाली," ती म्हणाली, "तुझी आय मना रोज चोर म्हणते. अख्ख्या बाजारात. तिचं तोंड दुखत नाय, माझे कान दुखतात. तिला सांग, हितं येऊन, सगळ्यांसमोर बोल, कोपरा कोणाचा."

मी तिला म्हटलं, हे माणुसकीला धरून नाही. ती म्हणाली, "असेल," आणि बर्फ टाकायला लागली.

घरी आईला सांगितलं. मला वाटलं आई शिव्या घालेल. आई भांडी घासत होती, घासत राहिली. आमच्या आईकडे दाखवायला दोनच गोष्टी होत्या, माझं शिक्षण आणि तो कोपरा. कोपरा तिच्या ताब्यात नव्हता, पण तिचा होता.

दुसऱ्या दिवशी बाजार भरल्यावर आई उठली. मी सोबत होते. आई कोपऱ्यासमोर उभी राहिली, पदर खोचला आणि म्हणाली, "कोपरा तुझा."

"मोठ्यांदा."

"कोपरा तुझा. माझ्या सासूचा व्हता, आता तुझा. मी परत बोलणार नाय."

आजूबाजूच्या बायांचे हात थांबले. एक गिऱ्हाईक पापलेट हातात घेऊन उभं होतं, त्याला काही कळेना. कोपऱ्यावरचीने हात धुतले, पुसले, फोन काढून माझ्या हातात दिला.

"मी काय रोज बघत नाय बसले," ती म्हणाली. मला नाही, आईला. "एकदाच बघितला. चांगला उठत बसत व्हता पोरगा." आणि मग, "सुरमई केवढ्याला दिलीस त्या दिवशी? मानेचा तुकडा वाया घालवलास."

"दिसलं तुला?" आई म्हणाली.

"व्हिडिओत दिसतंय."

इतक्या वर्षांनंतर त्या एवढंच बोलल्या.

वकीलबाईंनी सांगितलं, फोन पाहिजे आणि फोनची मालकीणही. मग ठाण्याला जाताना बसमध्ये आईच्या आणि माझ्या मधे कोपऱ्यावरची बसली, डोक्यात अबोलीची वेणी, हातात पिशवी. वाटभर तिचा दिवस बुडाल्याचं सांगत होती. कोर्टात जामिनाच्या सुनावणीला व्हिडिओ लावला. बाजार, साहेब, छडी, भाऊ. वर तारीख आणि सकाळची वेळ. वकीलबाईंनी एका जागी थांबवला. भाऊ पूर्ण खाली बसलेला, सगळं वजन दोन्ही टाचांवर. मागे आई.

सरकारी वकील म्हणाले, अशी कारवाई झाल्याची नोंद नाही.

न्यायाधीशांनी कोपऱ्यावरचीला विचारलं, "हे तुम्हीच काढलंत?"

"हो साहेब."

"का काढलंत?"

"सगळे काढत व्हते म्हणून."

न्यायाधीशांनी लिहून घेतलं. मी आईकडे बघितलं. ती पडद्याकडे बघत होती, भावाकडे नाही, स्वतःच्या हाताकडे. मला काहीतरी वाटायला हवं होतं. मला पंख्याचा आवाज ऐकू येत होता.

हुकूम नंतर आला. मी तो स्वतः वाचला, आईला मराठीत सांगितला. आईने ऐकून विचारलं, "म्हंजे त्यांना शिक्षा?" मी म्हटलं, नाही, चौकशी. "आणि पोरगा?" मी सांगितलं. तिने मान हलवली आणि पाट घेऊन बाजारात गेली, गटाराच्या बाजूला.

भाऊ आता गाळात उतरत नाही. टाच हिसका देत नाही. काठावर बसून दुसऱ्यांची जाळी विणतो. गांजा सुटला का, मला माहीत नाही, मी विचारत नाही. फाट्यावरचे बोर्ड उन्हाने पांढरे पडलेत. धिंडी निघतात अजून, दुसरीकडे.

कोर्टाने लिहिलं की टाचेची इजा पोलिसांच्या ताब्यात असताना झाली असं प्रथमदर्शनी दिसतं, आणि उडीची हकीकत मानता येत नाही. चौकशीचा आदेश झाला, ती चालू आहे. भावाला जामीन मिळाला. तो घरी आहे.