दारातला दगड

तुमच्या दाराबाहेर, वाटेनं जाणाऱ्याला टेकता येईल असा एखादा दगड आहे का? पायरीचं नाही विचारत. पायरीवर बसलेल्याला तुम्ही उठवता. दगडाचं विचारतोय.

केजच्या आमच्या गल्लीत एक शिंपी होते. मी त्यांना मामा म्हणत असे. त्यांना जुना दमा होता, आणि त्यांच्यासोबत चालणाऱ्याच्या संयमाची त्यात राख होत असे.

त्यांचं घर खाली नदीकडं, दुकान वर बाजारात. सकाळी दुकानात शिवणाऱ्यांना वर्तमानपत्र वाचून दाखवायचं काम मी आपणहून अंगावर घेतलेलं. निजामाच्या मुलखात असले कागद उघड आणायची सोय नव्हती. सोलापूरहून येणाऱ्या कापडाच्या गठ्ठ्यात ते दडून येत. कधी एकदा वाचतो असं मला होऊन जाई, आणि मामा चार घरं चढले की तळहात वर करत.

“थांब लेका. वारा भरून घेऊ दे.”

मग कुणाच्या तरी दारातल्या दगडावर बसायचं. छाती लोहाराच्या भात्यासारखी वाजायची. ती जरा निवली की लगेच, “काल न्हवतं असं काय हाय, बघ बरं.”

तेलिणीच्या दारात घाण्याच्या बैलाला नवा गोंडा असे. चावडीसमोरच्या लिंबावर कावळीनं घरट्यात लाल चिंधी खोवलेली असे. मामा ती ओळखत. “पाटलीणबाईच्या चोळीची हाय ती. कावळीला लई शोभती.” मग हसत. हसल्यानं पुन्हा धाप लागे, आणि आमचं बसणं आणखी लांबे.

मी चिडायचो. “मामा, इथं माणसाला तोंड उघडायची चोरी आहे, आणि तुम्हाला कावळीची चोळी सुचते?”

“तोंड उघडायचं मला सांगतो व्हय? रात्रभर तोंड उघडूनच बसलेला असतो मी.”

अशा माणसाशी बोलायचं तरी काय? हकीम म्हणाले, पडून राहा. मुलगा म्हणाला, पडून राहा. मीही म्हणालो. मामांचं उत्तर ठरलेलं. “पडलं की दमा छातीवर बसतो. चाललं की निदान मागून येतो.”

होळीच्या सुमारास सुभेदारसाहेबांचा दौरा लागला. बग्गीला वाट हवी म्हणून पोलिसांच्या अमीनसाहेबांनी गल्लीतले सगळे दगड उपटून ओढ्यात टाकायला लावले. बग्गी गल्लीत आलीच नाही, वरच्या रस्त्यानंच निघून गेली. दगड ओढ्यात राहिले.

दुसऱ्या दिवशी मामा निघाले ते तेलिणीच्या भिंतीला धरून उभे राहिले. ओठ निळे पडले. मुलानं पाठीवर घालून घरी नेलं. त्यानंतर मामा घरातच, शिवण मांडीवर, तोंड भिंतीकडं. काल नव्हतं असं काय आहे, हे त्यांनी कुणाला विचारलं नाही.

मी अर्ज लिहिला. जुलूम, न्याय, रयतेचा हक्क, काही म्हणून सोडलं नाही. सहीसाठी त्यांच्यापुढं धरला.

“जवाब कधी येतो ह्याचा?”

“औरंगाबादेहून यायचा. वेळ लागेल.”

“तवर मी उभाच राहू?”

लग्नसराई तोंडावर आली होती. मामांनी मुलाला बजावलं, गल्लीतल्या कुणाचाही कपडा घराबाहेर जाता कामा नये. जो दारात दगड परत टाकेल, त्यानं कपडा न्यावा. तेलीण कडाडली, “माझ्या लेकीची हळद उद्यावर, आन ह्या बाबाला दगूड सुचतोय!” संध्याकाळी तिच्या दारात दगड होता. मग शेजाऱ्यांच्या.

चावडीसमोरचा तेवढा राहिला; चावडी सरकारी, तिथं दगड टाकणार कोण? एके दिवशी अमीनसाहेब स्वतः आले. भाच्याच्या निकाहासाठी त्यांची शेरवानी मामांकडं होती. अंगात चढवून पाहिली.

“मियाँ, एक आस्तीन किधर है?”

“बाही व्हय, साहेब? ती लावायला चावडीम्होरं उजेड चांगला हाय. पर बसू कुठं?”

अमीनसाहेबांनी आपल्या उघड्या हाताकडं पाहिलं, मग मामांच्या वरखाली होणाऱ्या छातीकडं. त्यांच्याच शिपायांनी ओढ्यातून दगड वर आणला.

मला त्या दिवशी मामांचा संताप आला, अजून येतो. जो आपला हक्क, तो एका बाहीच्या बदल्यात घ्यायचा? चावडीसमोर जाऊन मी तोंडावर सांगितलं, “मामा, हा न्याय नव्हे.”

ते दगडावर बसले होते, मांडीवर ती बाही. “न्हवंच. दगूड हाय. बस.”

वर कावळीनं नवं घरटं बांधायला घेतलं होतं. ते अर्थातच त्यांनी आधी पाहिलं होतं.

पुढं एका थंडीत मामा गेले. त्यांच्यामागं दगडही गेले. कुणी ओट्याला लावले, कुणी जोत्यात चिणले. कुणी हरकत घेतली नाही. धाप नसताना मीच अधूनमधून त्या वाटेवर थांबतो, आणि टेकायला काही नाही म्हणून चरफडत पुढं जातो.

अर्ज मी लिहीतच राहणार आहे, आणि त्यांचे जवाब यायचे तेव्हा येतील. तुम्ही मात्र आज संध्याकाळच्या आत दारात एक दगड आणून टाका. आणि कुणी त्यावर येऊन बसलं, तर काय पाहिजे म्हणून विचारू नका.